आंब्याच्या पेटीपासून 'ॲटलस'पर्यंत : स्वातंत्र्यवाद वाचायचा तर कोणत्या क्रमाने?

हापूसची पेटी वाशीच्या आडत्याकडे पाठवायची की थेट गिऱ्हाइकाला? समुद्राकाठच्या स्वतःच्या जागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या तर कुणाकुणाची परवानगी लागते? सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची डझनभर नावं असतील, तर कलमं लावून ती जगवणाऱ्याची त्या बागेवर मालकी किती? पर्ससीनची एक बोट एका रात्रीत मासळीचा थवाच्या थवा उचलून नेते, मग समुद्र कुणाचा म्हणायचा? कुणकेश्वरात आणि एकूणच देवगडच्या किनाऱ्यावर हे वाद रोजचे आहेत. त्यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे : माणसाच्या कष्टावर, मालावर आणि आयुष्यावर निर्णय घेण्याचा हक्क कुणाचा?

'ज्याचा त्याचा' हे या प्रश्नाचं उत्तर मानून त्यावर अख्खं राजकीय तत्त्वज्ञान उभं करणारी एक परंपरा आहे. तिला लिबर्टेरियन विचार किंवा स्वातंत्र्यवाद म्हणतात. तिच्याच शेजारी, पण स्वतःचं वेगळं कुंपण घालून, आयन रँडचा ऑब्जेक्टिव्हिझम म्हणजे वस्तुनिष्ठतावाद उभा आहे. हा विचार पटो न पटो, तो नीट समजून घेणं प्रत्येक शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या आणि छोट्या धंदेवाल्याच्या मुलामुलीला उपयोगाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. अडचण येते ती क्रमाची. नवखा वाचक कुणाच्या तरी शिफारशीवरून हजार पानांची कादंबरी हातात घेतो. मग एक तर कंटाळतो, नाही तर भारावतो, आणि दोन्हीत मूळ युक्तिवाद निसटतो. म्हणून इथे पायरी पायरीनं जाऊ.

पहिली पायरी : मराठीतून सुरुवात

हा विचार परदेशातून आलेला पाहुणा आहे, असा समज आधी बाजूला ठेवावा. टेंभूत १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचूनच घडले होते. १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारक'मधले त्यांचे निबंध म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याची मराठीतली पहिली मोठी शाळा. त्यांचा रोख सरकारपेक्षा समाजाच्या जुलमावर जास्त आहे. कुणी काय नेसावं, विधवेनं कसं राहावं, कुणी कुणाशी लग्न करावं हे जातीनं आणि रूढीनं का ठरवावं, असं ते विचारतात. स्वातंत्र्यवाद म्हणजे फक्त कर आणि परवाने यांविरुद्धची तक्रार नाही, हे आगरकरांचे चार-पाच निबंध वाचले की कळतं.

त्यानंतर थेट शरद जोशी. १९३५ साली साताऱ्यात जन्म, पोस्ट खात्यातली वरिष्ठ नोकरी, पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्नला विश्व डाक संघात काम. ते सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. शेती तोट्यातच का जाते, हे त्यांनी स्वतः कसून तपासलं. निष्कर्ष असा निघाला की शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही. शहरांना आणि कारखान्यांना स्वस्त धान्य, स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यावरची बंधनं असे उपाय वापरून सरकार शेतमालाचे भाव पाडतं, आणि म्हणून तो गरीब आहे. याला ते 'उणे सबसिडी' म्हणत. १९८० सालच्या चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना महाराष्ट्रभर पोचली आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा घरोघरी गेली.

त्यांच्या पुस्तकांत आधी 'शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती' घ्यावं. कार्यकर्त्यांच्या शिबिरासाठी मांडलेला विषय असल्यानं ते सरळ आहे. मग 'अंगारमळा' हे आत्मपर लेखन आणि त्यापुढे 'खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने'. त्यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर भानू काळे यांचं चरित्र 'अंगारवाटा' आहे.

वाचताना दोन ठिकाणी मुद्दाम थांबावं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करून दिला. हे घडवून आणणाऱ्या माणसानं मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध मत दिलं, आणि विरोधातलं ते एकमेव मत होतं. मतदारसंघ आळीपाळीनं राखीव ठेवण्याच्या पद्धतीलाच त्यांचा आक्षेप होता. हक्क द्यायचा तो मालमत्तेतून की राखीव जागेतून, हा प्रश्न इथे उघडा पडतो. स्वातंत्र्यवादी कसा विचार करतो, हे समजायला याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

मुंबईतही या विचाराची जुनी वस्ती आहे. १९२२ साली श्रीपाद अमृत डांगे यांच्या 'सोशॅलिस्ट'ला पैसा पुरवणारे रणछोडदास लोटवाला नंतर साम्यवादापासून दूर गेले, आणि १९५०च्या दशकात त्यांच्याच पुढाकारानं मुंबईहून 'द इंडियन लिबर्टेरियन' निघू लागलं. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांतले मिनू मसानी १९५९ साली राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षात उभे राहिले. लोटवाला आणि मसानी दोघेही समाजवाद आतून पाहून बाहेर पडलेले होते, हे ध्यानात ठेवावं.

दुसरी पायरी : तीन छोटे निबंध

जाडजूड ग्रंथांआधी एकेका बैठकीत संपतील असे तीन निबंध वाचावेत.

पहिला फ्रान्सच्या फ्रेदेरिक बास्तियाचा, १८५० सालचा, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या परिणामांबद्दलचा. दुकानाची काच फुटली की काचवाल्याला काम मिळतं, म्हणून काच फुटणं गावाच्या भल्याचं, असं लोक बोलतात. बास्तिया विचारतो, त्याच पैशात दुकानदार जोडे घेणार होता, त्या चांभाराचं काय? काचवाल्याची कमाई दिसते, चांभाराची बुडालेली दिसत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं आपल्या किनाऱ्यावरची छपरं उडवली, माड आणि कलमं आडवी केली, बोटी फोडल्या. त्यानंतर पत्रे आणि कौलं विकणाऱ्यांची चलती झाली, ती सगळ्यांना दिसली. त्या पैशातून होणार होतं ते मुलीचं शिक्षण, नवं इंजिन, बागेची कुंपणं कुणाच्या हिशेबात आली नाहीत. कुठल्याही सरकारी योजनेकडे पाहताना न दिसणारी बाजू शोधायची सवय हा निबंध लावतो. बास्तियाचंच 'द लॉ' हे छोटं पुस्तकही १८५० सालचंच. कायद्याचं काम लूट थांबवण्याचं, तोच कायदा लुटीचं हत्यार कसा होतो, हा त्याचा विषय.

दुसरा लेनर्ड रीडचा, १९५८ सालचा, 'आय, पेन्सिल'. एक पेन्सिल आपली वंशावळ सांगते आणि तिला बनवण्याची सगळी विद्या एकाही माणसाकडे नाही, हे दाखवते. हा निबंध देवगडला बसून वाचणाऱ्यानं पेन्सिलीच्या जागी हापूसची पेटी ठेवून पाहावी. मोहोर टिकवणारं औषध कुठल्या तरी कारखान्यातून आलं. राखणीला आणि फवारणीला नेपाळहून आलेला गडी आहे. फळ देठासकट उतरवायचा झेला वापरणारा हात वेगळा. आढीसाठी भाताचा पेंढा लागला, पेटीला लाकूड किंवा पुठ्ठा लागला. टेम्पोवाला रात्रीतून घाट चढून गेला. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. तरीही अक्षय्यतृतीयेला दादरच्या घरात आमरस होतो, आणि तसा हुकूम कुणी काढलेला नसतो.

हे घडतं कसं, त्याचं उत्तर तिसऱ्या निबंधात आहे. फ्रिडरिक हायेकचा १९४५ सालचा हा निबंध समाजातल्या ज्ञानाच्या वापरावर आहे. तो म्हणतो, अर्थव्यवस्थेला लागणारं ज्ञान एका ठिकाणी कधीच नसतं. ते तुकड्या-तुकड्यांनी लाखो डोक्यांत विखुरलेलं असतं. कुणकेश्वरच्या कातळावरच्या बागेत यंदा मोहोर किती आला आणि अवकाळी पावसानं किती गळला, हे त्या बागायतदारालाच ठाऊक. मुंबईतल्या अधिकाऱ्याला ते कळणार नाही, आणि कळेपर्यंत शिळं होईल. पण पेटीचा भाव चढतो आणि दादरचं गिऱ्हाईक चारऐवजी दोन डझन घेतं. कोकणात काय घडलं याचा पत्ताही नसताना ते बरोबर वागतं. भाव हा निरोप आहे. सरकारनं भाव दाबला की निरोपच खोटा पोचतो. हायेकला १९७४ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं 'द रोड टू सर्फडम' (१९४४) या निबंधानंतर घ्यावं, म्हणजे केंद्रीय नियोजनाला त्याचा एवढा विरोध का, ते सोपं जातं.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्या निर्णयावर आपल्याकडे आजही दोन तट आहेत. थेट विक्री करणारे खूश, तर पैशाची हमी आणि आगाऊ उचल देणारा आडत्या बरा होता असं म्हणणारेही बरेच. हायेक वाचून झाला की दोन्ही बाजूंचे बागायतदार गाठून त्यांना विचारावं. आडत्यालाही खरं ज्ञान असतं, हे तिथे कळेल.

तिसरी पायरी : मिल आणि फ्रिडमन

जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' (१८५९) हे या वाटेवरचं सगळ्यात संयमी पुस्तक. दुसऱ्याला इजा होत असेल तरच एखाद्यावर सक्ती करावी, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी करू नये, हे त्यातलं मुख्य सूत्र. ऐकायला सोपं वाटतं, लावून बघितलं की घाम फुटतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ साली आले, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. भरतीरेषेजवळ स्वतःच्या जागेत घर वाढवणं यात दुसऱ्याला इजा आहे का? एका घरानं नसेल, पण शंभर घरांनी वाळूचे बांध आणि सुरूची बनं गेली तर? मिलचं सूत्र इथे वापरून पाहावं.

मिल्टन फ्रिडमनचं 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' (१९६२) सूत्रावरून धोरणाकडे नेतं. शाळा, परवाने, चलन, गरिबांना मदत अशी एकेक प्रकरणं आहेत. फ्रिडमन १९५५ साली भारतात येऊन गेला आणि आपल्या सरकारला त्यानं टिपण दिलं. त्याच वर्षी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर बी. आर. शेणॉय यांनी आपली भिन्नमत पत्रिका जोडली होती. योजनेवर मत देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात वेगळं मत लिहून देणारे ते एकटेच.

चौथी पायरी : आयन रँड

इथवर आल्यावर रँडला हात घालावा. तिचा जन्म १९०५ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान जप्त केलं. १९२६ साली ती अमेरिकेत पोचली. हे दुकान विसरून तिचं लेखन वाचता येत नाही. कष्टानं उभं केलेलं 'लोकांच्या नावानं' काढून घेताना तिनं घरातच पाहिलं होतं.

क्रम असा ठेवावा : आधी 'अँथम' (१९३८), 'मी' म्हणायलाच मनाई असलेल्या जगाची छोटी गोष्ट. मग 'वी द लिव्हिंग' (१९३६), सोव्हिएत रशियातल्या तरुण पिढीची तिची सगळ्यात वास्तव कादंबरी. त्यानंतर 'द फाउंटनहेड' (१९४३) आणि शेवटी 'ॲटलस श्रग्ड' (१९५७). या शेवटच्या दोन्ही मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे मराठीत वाचता येतात, आणि ज्यांची इंग्रजीशी झटापट होते त्यांनी त्या तशाच वाचाव्यात.

रँडचं म्हणणं चार थरांत समजतं. जग आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, ते आहे तसं आहे. ते जाणायचं साधन बुद्धी, दुसरं नाही. प्रत्येकाचं आयुष्य हे त्याचं स्वतःचं साध्य आहे, दुसऱ्यासाठी वाहायचा बळी नाही. म्हणून माणसांमधला नैतिक व्यवहार म्हणजे राजीखुशीची देवघेव, आणि तिला जागा देणारी व्यवस्था भांडवलशाही. तिसऱ्या थरावर सगळे अडखळतात. तिचा स्वार्थ म्हणजे ओरबाडणं नव्हे. 'फाउंटनहेड'चा नायक हॉवर्ड रोर्क कामं नाकारतो, दगडाच्या खाणीत मजुरी करतो, पण आपला आराखडा बिघडवू देत नाही. तोच रोर्क पुढे आराखड्यात केलेले बदल सहन न होऊन गरिबांसाठी बांधलेल्या इमारती सुरुंगानं उडवतो. तिथे पुस्तक मिटून स्वतःशी भांडावं : त्यानं मान्य केलेला करार मोडला गेला हे खरं, पण इमारत त्याची होती का?

कादंबऱ्यांनंतर तिचे निबंध : 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' (१९६४) आणि 'कॅपिटॅलिझम : द अननोन आयडियल' (१९६६). दुसऱ्यात पेटंट आणि लेखनहक्क यांचं समर्थन आहे, आणि ते आपल्या दारातलं आहे. 'हापूस'ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा 'देवगड' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक, यावर सगळ्यांचं एकमत होईल. पण नावावर आणि कल्पनेवर मालकी असावी का, यावर स्वातंत्र्यवाद्यांतच फूट आहे. रँड हो म्हणते, तर स्टीफन किन्सेलासारखे लेखक बौद्धिक संपदा हा प्रकारच नाकारतात.

फूट इथेच थांबत नाही. रँडला पोलीस, सैन्य आणि न्यायालय एवढं सरकार हवं होतं. मरे रॉथबार्ड 'फॉर अ न्यू लिबर्टी'मध्ये (१९७३) तेवढंही नको म्हणतो. नीतीचा पाया सोडून नुसतं स्वातंत्र्य मागणाऱ्या लिबर्टेरियनांना रँडनं उघडपणे झिडकारलं होतं. रँड आणि लिबर्टेरियन यांना एकाच पिशवीत घालू नये.

पाचवी पायरी : मालकी आली कुठून?

आता रॉबर्ट नोझिकचं 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४). अवघड आहे, म्हणून मालमत्तेवरचं सातवं प्रकरण आधी घ्यावं. त्याचा प्रसिद्ध युक्तिवाद बास्केटबॉलपटूवर बेतलेला आहे, तो आपण दशावतारावर बेतू. समजा, गावात सगळ्यांकडे सारखेच पैसे आहेत. एका नामांकित दशावतारी नटाचा प्रयोग लागतो, हजारो लोक खुशीनं तिकीट काढतात, नट श्रीमंत होतो. समानता मोडली, पण अन्याय कुणावर झाला? पुन्हा समान करायचं तर लोकांच्या खुशीच्या व्यवहारात सारखा हात घालावा लागेल.

पण नोझिक एक अटही घालतो : मुळातली मिळकत न्यायानं आलेली हवी, आणि अन्यायानं आली असेल तर ती दुरुस्त करायला हवी. कोकणी वाचकानं इथे खोतीचा इतिहास समोर ठेवावा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोत सरकारसाठी सारा वसूल करत, कुळांकडून धान्याचा वाटा घेत, वेठही घेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९४९ साली खोती कायद्यानं गेली. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला मालक केलं. हा मालमत्तेच्या हक्कावरचा घाला होता की जुन्या अन्यायाची दुरुस्ती? दुरुस्तीचं तत्त्व नोझिक सांगतो, पण भरून काढत नाही. ते काम आपल्यासारख्या वाचकांसाठी शिल्लक आहे.

सहावी पायरी : विरोधकाशिवाय वाचन पुरं होत नाही

या पट्ट्यातल्या राजापूर मतदारसंघानं १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि मग १९९१ पर्यंत मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. दोघेही समाजवादी आणि दोघेही स्वच्छ. आपल्या आजी-आजोबांनी त्यांना का निवडलं, हे घरात विचारणं हाही अभ्यासच आहे.

पुस्तकांत तीन निवडावीत. आंबेडकरांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) वाचलं की बाजार मोकळा झाला म्हणून माणूस मोकळा होत नाही, हे कळतं. धंदा निवडायचं स्वातंत्र्य जातच हिरावून घेते. त्यांनीच १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतीची मालकी सरकारकडे असावी असं सुचवलं. शरद जोशींच्या अगदी उलट टोकाचं हे मत मुद्दाम शेजारी ठेवून वाचावं. जॉन रॉल्सचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१) हे नोझिक ज्याला उत्तर देतो ते पुस्तक. निदान त्याची पहिली प्रकरणं वाचावीत.

तिसरं एलिनॉर ऑस्ट्रॉमचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' (१९९०). समुद्र, कुरण, पाणी अशा सामाईक गोष्टी एक तर सरकारनं ताब्यात घ्याव्यात किंवा खासगी कराव्यात, या दोन टोकांपलीकडे ती जाते. तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार जाळी टाकायच्या जागा चिठ्ठ्या टाकून कशा वाटून घेतात, हे ती दाखवते. आपल्या वाचकाला लगेच रापण आठवेल. जाळं सगळ्यांचं मिळून, किनाऱ्यावरून ओढायला सगळे हात, आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीनं. कुठल्याही खात्याच्या परिपत्रकाशिवाय ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पर्ससीन आल्यावर ती एकटी पुरली नाही. २०१६ साली राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले, आणि अंमलबजावणीवरून भांडण अजून चालूच आहे. स्वेच्छेची व्यवस्था कुठवर पुरते आणि कायदा कुठून लागतो, ती सीमा इथे वाळूतच दिसते.

वाचायचं कसं

प्रत्येक पुस्तकाजवळ वही ठेवावी आणि तीन गोष्टी लिहाव्यात : लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात, तो खरा ठरतो असं आपल्या तालुक्यातलं एक उदाहरण, आणि तो अडतो असं दुसरं. दुसरं उदाहरण सापडेपर्यंत पुढच्या पुस्तकाला हात लावू नये. शक्य असेल तर दोघं-तिघं मिळून वाचावं, आणि त्यातला एक तरी ठाम विरोधक असावा.

वेळ कमीच असेल तर शरद जोशींचं 'विचार आणि कार्यपद्धती', हायेकचा निबंध, रँडचं 'अँथम' आणि ऑस्ट्रॉम, एवढ्यांवर एक पावसाळा निभेल. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि आंब्याचा हंगाम उरकलेला असतो, त्यामुळे वाचायला सवडही मिळते. आगरकरांपासून रँडपर्यंत या लेखकांचं आपसात कितीही वाजत असलं, तरी एका मागणीवर ते एक आहेत : स्वतःच्या बुद्धीनं ठरवा. ही मागणी करणाऱ्यांचं भक्त होऊन बसणं म्हणजे त्यांचं पहिलंच वाक्य न वाचणं. म्हणून आपल्या सगळ्यात आवडत्या लेखकाचं, आपल्या गावात न चालणारं एक विधान जो बोट ठेवून दाखवू शकतो, त्यानं हा विचार खरा वाचला असं समजावं.